ऐकलं मी, घाई होती

शरयूला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला धाप लागली होती.

डिसेंबरातली संध्याकाळ. खासगी बाजाराच्या वळणावर तो एकदम तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला – दोन्ही हात पसरून, चालता टेम्पो अडवावा तसा. गळ्याभोवती मफलर, पायांत खेळाचे बूट आणि नाकाखाली मिशी. साधीसुधी नव्हे, दाट, काळीभोर, वरचा ओठ पुरता झाकणारी. मिशी हलत होती, म्हणजे तो बोलत होता. पण तिच्या हाती लागले ते तीनच तुकडे... "कितनी आवाज़ें", "दुकान" आणि "ते माझं आहे".

तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. किती हाका मारल्या असतील याने? दोन? दहा? सगळा बाजार वळून बघत होता की काय? गेली तीन वर्षं जे वाक्य तिच्या मदतीला धावून येत होतं तेच आताही आलं.

"ऐकलं मी. घाई होती."

तो बघतच राहिला. इतक्या शांतपणे कुणी इतकं उद्धट बोलू शकतं यावर त्याचा विश्वास बसेना. तिला ते दिसलं आणि नेहमीसारखं थोडं वाईट वाटलं, थोडं हायसंही वाटलं. लोकांनी आपल्याला घमेंडी म्हणावं, पण बहिरी म्हणू नये, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

कारण शरयूला ऐकू कमी येत होतं. चोविसाव्या वर्षी उजव्या कानापासून सुरुवात झाली. कानातलं तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड आखडत चाललंय, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. आता अठ्ठाविसाव्या वर्षी उजवा कान जवळजवळ गेल्यात जमा होता आणि डावा अर्धा उरला होता. या दुखण्याची एक गंमत होती – शांत खोलीत तिला कमी कळे आणि गर्दी-गोंगाटात बरं कळे, कारण तिथे सगळेच ओरडून बोलतात. बाकीचं ती ओठांवरून वाचून घेई. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमे, म्हणून ती फार हळू बोले. ऑपरेशन करता येण्यासारखं होतं. पण शंभरात एखाद्याचा कान पूर्ण जातो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो शंभरातला एक आपणच असणार, अशी शरयूची खात्री होती. दोन वर्षं ती उद्या ठरवू, परवा ठरवू करत होती. कानात घालायचं इवलंसं मशीन आणलेलं होतं, तेही डबीतून बाहेर निघालं नव्हतं. गेल्या वर्षी इंदूरच्या एका स्थळाने सगळं पसंत केलं, पत्रिकासुद्धा जुळली. मग बाबांनी कानाचं सांगितलं, आणि आठ दिवसांनी निरोप आला की मुलगी छान आहे, पण मुलाचं सध्या लग्नाचं मन नाही. तेव्हापासून ती डबी कपाटात आणखी मागे सरकली होती.

त्याच कपाटात तिच्या डीव्हीडी होत्या. दोन फळ्या भरून. वरच्या फळीवर ज्यांत खाली अक्षरं येतात असे सिनेमे. जगात कुणी काय बोललं ते कान न देता कळावं, हे सुख तिला या चकचकीत तबकड्यांनी दिलं होतं. खालच्या फळीवर जुन्या मालिका. त्यांत अक्षरं नव्हती. पण त्या तिने शाळेतून आल्यावर, दुपारच्या वेळी, धडधाकट कानांनी ऐकल्या होत्या. आता नुसते ओठ हलले तरी जुने आवाज आतून उमटत. आईचा तरुणपणीचा आवाज जसा आठवतो, तसे.

आणि 'तालेवाली गली' त्या फळीवर नव्हती. तेरा भागांची, कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका विधवेची गोष्ट. पाच वर्षं ती शोधत होती. आज खासगी बाजारातल्या गोविंदजींच्या व्हिडिओ लायब्ररीत, संक्रांतीनंतर दुकान बंद होणार म्हणून काढलेल्या ढिगात, ती अचानक हाताला लागली. गोविंदजींच्या मुलाने हिशेब केला, तिने पिशवीत टाकली आणि ती निघाली. हा माणूस दुकानातून ओरडत मागे धावला तेव्हा ती बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोचली होती.

तो तिला परत दुकानात घेऊन गेला. तिथे गोविंदजींनी कपाळावर हात मारून कबूल केलं की या समरजीत काकडे यांनी फोन करून हा सेट आठवड्यापूर्वीच बाजूला ठेवायला सांगितला होता. मुलाला ते ठाऊक नव्हतं. आता तुम्हीच काय ते बघा, असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. दोघंही बघत बसले. शरयू डबा सोडेना. समरजीत मागून घ्यायला लाजेना, पण ओढून घेईना. शेवटी त्यानेच तोड काढली. डब्यात चार डिस्क होत्या. पहिल्या दोन तिने न्याव्यात, शेवटच्या दोन त्याने. दर रविवारी एकेक बदलून घ्यायची.

कॉपी करता आली असती, हे दोघांनाही माहीत होतं. बोललं कुणीच नाही.

भेटायची जागा शरयूने ठरवली – बाड्याच्या चौकातला चहाचा ठेला, चारी बाजूंनी टेम्पो, ई-रिक्षा, फेरीवाले, लाउडस्पीकर. अख्ख्या लष्कर भागात याहून गोंगाटाची जागा नव्हती. समरजीत म्हणाला, फूलबागेत निवांत बसता येईल. ती म्हणाली, निवांतपणाचा तिला कंटाळा आहे.

तिला हळूहळू कळलं की हा माणूस मुरारच्या एका शाळेत पीटी शिकवतो. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हुकूम सोडून सोडून त्याचा आवाज इतका मोठा झाला होता की शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघत. घरी, लग्नात, बँकेत, जिथे जाईल तिथे त्याला लोक हळू बोलायला सांगत. शरयूने कधी सांगितलं नाही. उलट ती डाव्या अंगाने जरा पुढे झुकून ऐके, आणि त्याला वाटे, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपलं मन लावून ऐकतंय.

"तुम्ही इतकं हळू का बोलता?" दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं.

"तुम्ही दोघांच्या वाटचं बोलता नं," ती म्हणाली.

त्याच्या मिशीची टोकं वर गेली. मिशीमुळे त्याचं हसू आधी गालांत दिसे आणि मग डोळ्यांत. ओठांत ते दिसतच नसे. तिला त्याचे गाल पाठ होत चालले होते...

मालिका कशाला गोळा करता, असं तिने त्याला विचारलं होतं. तेव्हा तो मातीच्या कुल्हडमधला चहा फिरवत राहिला. वडील फौजेत सुभेदार. दर दोन वर्षांनी बदली. पठाणकोट, जबलपूर, बबीना, सागर. शाळा नवी, मित्र नवे, भाषासुद्धा नवी. फक्त टीव्हीवरची मालिका त्याच वारी त्याच वेळेला लागायची. "ती तेवढी ओळखीची असायची," तो म्हणाला. "बाकी सब नया." त्याच्याकडे व्हीएचएसच्या जुन्या टेप होत्या, व्हीसीडी होत्या, आणि कुठल्या गावात कुठली पाहिली ते प्रत्येकीवर लिहिलेलं होतं.

मग त्याने उलट विचारलं, "आणि तुम्ही?"

तिने सांगितलं की तिला जुन्या गोष्टी आवडतात. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि घरी जाताना सगळा रस्ताभर ते तिला टोचत राहिलं. आज सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तो इतका खुशीत असे, की वाटे, आजचा एक दिवस राहू दे. तो फोन करी. ती उचलत नसे आणि मग लिही – 'फोनवर बोलायला नको वाटतं, लिहा ना.' तो लिही. लांबलचक लिही. ते वाचताना तिला सुख होई, आणि सुख झालं की लगेच भीती. जितकं जास्त आवडेल तितकं पुढे महाग पडेल, हे तिला इंदूरने शिकवलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्याने तिला घरी बोलावलं. शेवटचा भाग एकट्याने बघायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. मुरारला त्याच्या घरी आई होत्या, धाकटी बहीण सोनिका होती आणि निवृत्त सुभेदार सूर्याजीराव, म्हातारपणीही ताठ बसणारे, मुलाच्या मिशीहून मोठी पांढरी मिशी बाळगणारे. सगळं छान चाललं होतं. तिळाची गजक खाऊन झाली, ओळखी निघाल्या. सोनिका समोर बसून भराभर बोलत होती आणि शरयू तिचे ओठ नीट वाचत होती. मग टीव्ही लावला. दुपारची तिरीप पडद्यावर येते म्हणून सोनिकाने पडदे ओढले आणि खोलीत अंधार झाला.

अंधार म्हणजे शरयूला दुहेरी बहिरेपण. ओठ गेले, चेहरे गेले. ती मांडीवर हात आवळून बसली. पडद्यावर कुलूपवाली चाव्यांचा जुडगा घेऊन उभी होती. एवढ्यात मागून कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटलं. समरजीतच्या आई असाव्यात. स्वयंपाकघराचं दार मागेच होतं, आणि मघाशी चहाचं चाललं होतं...

"अर्धा चमचाच," शरयू वळून म्हणाली.

मग सोनिकाचे खांदे हलू लागले. आईंनी विचारलं होतं, वडील कुठे नोकरीला होते. शरयूला ते पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की पडद्याच्या निळ्या उजेडात सगळे चेहरे तिच्याकडे वळलेत. तीही हसली, जणू मुद्दामच गंमत केली होती. समरजीत मात्र हसला नाही. तो उठला आणि त्याने दिवा लावला. टीव्ही बघताना दिवा कशाला, म्हणून सोनिका कुरकुरली. तो म्हणाला, डोळे खराब होतात. आणि शेवटचा भाग सगळ्यांनी लख्ख उजेडात पाहिला.

पुढच्या रविवारी बाड्यावर इतकं धुकं होतं की ठेल्याची शेगडी आधी दिसली आणि तिच्याजवळ उभा असलेला माणूस नंतर. शरयूने त्याला ओळखलंच नाही. बूट ओळखीचे होते, मफलर ओळखीचा होता. चेहरा मात्र नवा, कोवळा, थंडीने लाल झालेला. नाकाखाली काहीच नव्हतं.

"आलीस तू," तो म्हणाला.

पहिल्यांदाच तिला त्याचे दोन्ही ओठ दिसले, आणि त्या ओठांवर पहिला शब्द तिने वाचला तो 'तू'. महिनाभर चाललेलं 'तुम्ही' कुठेतरी त्या मिशीबरोबरच गेलं होतं. तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. तो बोलत राहिला आणि ती वाचत राहिली. शब्द न् शब्द, एकही निसटत नव्हता. गेल्या महिन्यात त्याच्या बोलण्यातलं आपण किती अंदाजाने भरलं होतं ते तिला आत्ता कळत होतं. हा माणूस बोलताना मध्येच खालचा ओठ दाताखाली धरतो... लाजतो की काय?

मग एकदम तिला त्याचं घर आठवलं.

काकड्यांच्या घरात मिशी म्हणजे काय, हे तिने सूर्याजीरावांकडे पाहूनच ओळखलं होतं. अशा घरांत बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना... तिने विचारलं, "मिशी का काढलीत?"

"अशीच."

"घरी काही बोलले नाहीत?"

"बाबा म्हणाले, मी अजून जिवंत आहे." त्याने हसून पाहिलं, पण ती हसली नाही. तेव्हा तो कुल्हडकडे बघू लागला आणि मग, बोलताना आपला चेहरा तिला दिसायला हवा हे आठवून, त्याने मान वर केली. त्या एका हालचालीनेच तिला सगळं समजलं. "तुला दिसत नव्हतं नं... मी काय बोलतो ते."

"कधीपासून माहीत आहे?"

दुसऱ्या रविवारपासून, तो म्हणाला. तिची ओढणी चिखलात लोळत होती. त्याने मागून तीनदा सांगितलं आणि ती लोळतच राहिली. त्यानंतर तो तिच्या डाव्या हाताला चालू लागला. डावीकडची खुर्ची धरू लागला. घरी दिवा लावला.

आपण ज्याला योगायोग समजत होतो, ती सगळी याची काळजी होती तर. एखाद्या आजाऱ्याची घेतात तशी. शरयूला वाटलं, भर बाड्यावर कुणीतरी आपला पदर ओढलाय. "म्हणजे महिनाभर मी सोंग करत होते आणि तुम्ही बघत होता."

तो काहीतरी सांगू लागला. तिने मान खाली घातली. तिच्याशी बोलणं बंद पाडायला एवढं पुरे असे. आपल्याकडच्या डिस्क तिने बाकावर ठेवल्या, मला कुणाची दया नको आहे म्हणाली, आणि धुक्यात चालू लागली. मागून त्याने हाक मारली की नाही, हे तिला कळणं शक्य नव्हतं.

पहिले तीन दिवस रागावर निघाले. चौथ्या दिवशी राग संपला आणि खाली नुसती भीती उरली. ऑफिसात ती घरांचे नकाशे काढत बसे आणि दर पाच मिनिटांनी फोन उलटा करून बघे. निरोप नव्हता. आपण लिहावं? काय लिहावं? आणि तो सुटलो बाबा म्हणत असेल तर? त्याची आई म्हणत असेल, बरं झालं वेळेवर कळलं. मन एकदा त्या वाटेला लागलं की थांबत नसे.

आठव्या दिवशी तिने आईला सांगितलं. आई मटार सोलत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने एकही प्रश्न विचारला नाही; फक्त लेकीला ओठ दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडे करून बसली. मग म्हणाली, "दया येणारे लोक मोठ्याने बोलतात आणि मोकळे होतात, शरयू. बाप जिवंत असताना मिशी नाही उतरवत कुणी." आणि थोडं थांबून पुढे म्हणाली की त्याने ओळखलं याचा तुला राग नाहीये, तुझ्याआधी ओळखलं याचा आहे. सांगायचं काम तुझं होतं. ते तू केलं नाहीस.

शरयूला ते झोंबलं, कारण खरं होतं.

त्याच दुपारी गोविंदजींचा बाबांना फोन आला की शरयूच्या नावाने दुकानात काहीतरी ठेवलंय. ती गेली. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. गोविंदजींनी 'तालेवाली गली'चा डबा पुढे केला. आत चारही डिस्क होत्या आणि वहीच्या कागदावर चार ओळी. 'सेट पहिल्यांदा तुम्ही उचलला होता. तो तुमचाच आहे. तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा. – स. काकडे.'

तिने तो कागद दोनदा वाचला. माफीचं काही वाटलं नाही. 'तुम्ही' वाचवेना. एकदाच तिच्या वाट्याला आलेला 'तू' त्याने परत घेतला होता.

थंडीमुळे शाळा बंद आहेत, पण काकडे सर सव्वीस जानेवारीसाठी रोज मैदानावरच असतात, असं गोविंदजींनी न विचारताच सांगितलं. शरयू घरी गेली. कपाट उघडलं, डबी काढली, आणि आरशासमोर उभं राहून ते इवलंसं मशीन डाव्या कानात बसवलं. मग केस कानामागे घेतले. झाकायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ही हिंमत घराजवळच्या माधवगंजच्या चौकापर्यंत टिकली तरी पुष्कळ, असंही वाटलं.

मुरारच्या टेम्पोत बसली तेव्हा जग तिच्या अंगावर धावून आलं. टेम्पोचा पत्रा, पायलमधलं घुंगरू, पुढच्या बाईच्या पिशवीतला कागद. प्रत्येक गोष्टीला आवाज होता. सगळे आपल्या कानाकडे बघताहेत, असं वाटून ती दोनदा उतरायला निघाली. कुणीच बघत नव्हतं. एक म्हातारा पेरू खात होता. त्याचं चावणंसुद्धा तिला ऐकू येत होतं.

मुरारला पोचेपर्यंत भुरभुर पाऊस सुरू झाला. जानेवारीतला, हाडं गोठवणारा, पण आवाज न करणारा... असं तिला वाटायचं. शाळेच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली ती उभी राहिली आणि वर पाहिलं. पाऊस वाजत होता. तडतड नाही, कुणी मोहरी निवडत असावं तसा. चार वर्षांत तिने पाऊस ऐकला नव्हता. ती तिथेच थोडं रडून घेती, पण मैदानाच्या मध्यावर एक माणूस भर पावसात चुन्याच्या रेषा मारत होता. मागच्या रेषा वाहून जात होत्या आणि तो पुढे मारतच होता.

त्याला ती दिसली. चुन्याचं घमेलं तिथेच टाकून तो धावत आला.

"तू भिजशील–"

"हळू बोला जरा," तिने कानावर हात ठेवला. हे वाक्य तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. तिलाच नवल वाटलं. त्याचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं, मशीनकडे गेलं, आणि तो एकदम गप्प झाला. तो गप्प आहे तेवढ्यात तिने बोलायला सुरुवात केली, कारण थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता.

"मला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डाव्याने अर्धं. तेही कमी होत जाईल. ऑपरेशन आहे, पण मला त्याची भीती वाटते. मूल झालं तर जास्त बिघडतं म्हणतात, आणि मुलालाही होऊ शकतं. इंदूरचं एक स्थळ मोडलंय यावरून. त्या दिवशी बाजारात मी तुझी हाक ऐकली नव्हती. 'ऐकलं मी' हे खोटं होतं. महिनाभर सगळं खोटं होतं." तिने श्वास घेतला. "हे मी सांगायला हवं होतं. तू ओळखायला नको होतं."

त्याने मान डोलावली. पत्र्यावर मोहरी निवडली जात होती.

"आणि सगळ्यात जास्त भीती कसली, सांगू? तू चांगला वागशील. आणि चांगला वागता वागता कंटाळशील."

यावर त्याने लगेच नाही म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. त्याने विचार केला. खालचा ओठ दाताखाली धरला.

"कंटाळेन कधीकधी," तो म्हणाला. त्याच्या मानाने फारच हळू. "तूही कंटाळशील. माझ्या आवाजाला घरचे कंटाळलेत. पण दया... सच्ची सांगू? दया नाही आली मला. राग आला होता."

"कसला?"

"त्या चहावाल्याचा." तो दुसरीकडे बघू लागला, मग आठवण होऊन पुन्हा तिच्याकडे वळला. "मी बोलायचो तेव्हा तू माझ्या कपाळाकडे बघायचीस, गालांकडे बघायचीस. चाचपडल्यासारखी. आणि तो नुसतं 'शक्कर?' म्हणाला तरी तुला फटकन कळायचं. त्याच्याकडे बघून हसायचीस. दर रविवारी. त्याला मिशी नाहीये नं. म्हणून काढली मी. जळून."

शरयूला हसू आलं. नुसतं आलं नाही, फुटलंच. आणि ते इतक्या जोरात तिच्या स्वतःच्या कानात शिरलं की ती दचकली. आपण असं हसतो? तोही हसू लागला. त्याच्या ओठांवरून ते आधी सुरू झालं आणि मग गालांत गेलं. घरी दोन दिवस आई बोलली नाही, त्याने सांगितलं. शेवटी बाबांनी कारण विचारलं. त्याने खरं ते सांगून टाकलं – की एक मुलगी आहे, तिला मी वाचता येत नाही. सूर्याजीराव बराच वेळ स्वतःची मिशी कुरवाळत बसले आणि म्हणाले, मग ठीक आहे, माझी ठेवतो, तिने माझं नाही ऐकलं तरी चालेल.

"मग चिठ्ठीत 'तुम्ही' का लिहिलंस?" तिने विचारलं.

"भीती वाटली. 'तू' म्हटलं तर वाटायचं, अजून हक्क सांगतोय."

म्हणजे हाही घाबरला होता. आठ दिवस, रोज, या मैदानावर, आपल्यासारखाच. ते कळल्यावर तिच्या मनातली गाठ थोडी सैलावली. सगळी नाही. ऑपरेशन होतं, त्याच्या आई होत्या, बाबांना सांगायचं होतं, आणि पुढे काय होईल ते कुणाला ठाऊक होतं. भीती तिथेच होती. पण आता तिला थांबायला जागा द्यायची नाही, असं तिला वाटलं, आणि तिने तिच्या त्या हळू, ऐकायला वाकावं लागणाऱ्या आवाजात विचारलं–

"लग्न करायचं का आपण?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ज्याचा हुकूम ऐकू जाई, त्या माणसाने तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले. शरयू वाट बघत राहिली. काहीच ऐकू आलं नाही, काही वाचताही आलं नाही. मशीन बंद पडलं की काय, म्हणून तिचा हात कानाकडे गेला. पण पत्र्यावरचा पाऊस तर ऐकू येत होता.

समरजीतने तो हात वाटेतच धरला. त्याच्या बोटांचा चुना तिच्या बोटांना लागला. आणि मग त्याने होकारार्थी मान हलवली. एकदा. तिला दिसलं नसेल अशी शंका आल्यासारखी, पुन्हा एकदा.